ठासणीच्या बंदुकीत काय ठासलं होतं

गज अडला.

जिथवर जायला पाहिजे त्याच्या चांगला दीड वीत अलीकडंच अडला. मी तो बाहेर काढला, फडक्यानं पुसला, परत घातला. परत तिथंच. मग नळीच्या तोंडाशी गजावर खडूनं खूण केली, गज बाहेर घेतला आणि खूण तोंडाशी जुळवून नळीच्या बाहेरून आडवा धरला. नळी रिकामी असेल तर गजाचं टोक मागं घोड्याजवळ यायला पाहिजे. ते मधेच राहिलं.

"उस्ताद, आत काय तरी आहे," मी म्हणालो.

दुकानात गिऱ्हाईक म्हणून तीन माणसं होती. त्यातले दोन पुरुष एका दमात दाराबाहेर गेले आणि तिथून डोकावू लागले. तिसऱ्या एक काकू. त्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या.

इथं थोडं समजावून सांगायला पाहिजे. हल्लीच्या बंदुकीत मागून काडतूस घालतात. ठासणीच्या बंदुकीला मागं उघडायला काहीच नसतं, सगळा व्यवहार पुढच्या तोंडातून. आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, मग लोखंडी गजानं सगळं बुडापर्यंत ठासायचं. नळीच्या बुडाशी बाहेरून एक पोकळ बोंडी असते, तिला आम्ही निपल म्हणतो. तिच्यावर तांब्याची टोपी बसते. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीतून आत जाते आणि बार होतो. म्हणजे नुसतं बघून बंदूक भरलेली आहे की रिकामी ते कुणालाच कळत नाही. आणि काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास-साठ वर्षांनीसुद्धा ती आपलं काम विसरत नाही. म्हणून आमच्याकडं ठासणीची आली की आधी गज, मग चहापाणी.

मी मूळचा कोकणातला, सावंतवाडीच्या बाजूचा. तिकडं डुकरांपासून भात राखायला अशा बंदुका बऱ्याच घरांत असतात. आमच्या आजोळी होती. माझी शाळा आठवीत सुटली. वाळूजला एका कंपनीत काम मिळेल म्हणून या गावात आलो, तेव्हा गावाचं नावसुद्धा वेगळं होतं. कंपनीतलं काम सहा महिन्यांत संपलं. परत जायला तोंड नव्हतं, म्हणून उस्मानपुऱ्याच्या बाजूला फिरत असताना एका दुकानात ठासणीची बंदूक टांगलेली दिसली आणि मी आत शिरलो. आजोळची वस्तू दिसली एवढंच. उस्तादांनी विचारलं, "इसका नाम जानता है?" मी नळी, दस्ता, घोडा, चाप, गज, सगळी नावं सांगितली. त्यांनी ठेवून घेतलं. का ठेवून घेतलं ते मी बावीस वर्षांत विचारलेलं नाही. विचारलं तर त्यांनाही प्रश्न पडेल अशी भीती वाटते.

उस्तादांचं आता वय झालंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनला ते घाबरतात. त्यामुळं बघतो मी, लिहितो मी आणि सही त्यांची. माझ्या डोळ्याकडून एक चूक झाली तर त्यांचं दुकानाचं लायसन जाईल. म्हणून रिपोर्ट लिहायला बसलो की माझ्या तळहाताला घाम येतो. अवघड शब्द मी जुन्या फाइलीत बघूनच लिहितो.

तर ही बंदूक साहेबराव तात्यांची. दारात उभ्या दोघांतले, पांढऱ्या मिशांचे, ते तात्या; बाकावरच्या काकू त्यांच्या बायको. सिल्लोडच्या अलीकडं त्यांचं गाव. बंदूक वडिलांची, लायसनही वडिलांच्याच नावावर, आणि वडील जाऊन कितीतरी वर्षं झालेली. बंदूक भिंतीवर होती, लायसन पेटीत होतं, दोन्हींची कुणाला अडचण नव्हती. मग ठाण्यात नवे साहेब आले आणि त्यांनी जुनी रजिस्टरं उघडली. त्यांनी तात्यांना पत्र दिलं: बंदूक दुकानात नेऊन तपासून घ्या आणि लेखी रिपोर्ट आणा. चालत असेल तर जमा करावी लागेल. कधीच चालणार नाही अशी असेल तर शोभेची म्हणून घरी राहू देऊ.

तात्यांना ती घरी राहायला हवी होती. त्यांच्या गावात दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघतात तेव्हा सगळ्यांच्या पुढं, बंदूक खांद्यावर टाकून, तात्या चालतात. तो त्यांच्या घरचा मान. बंदूक गेली की मान गेला. आणि जाणार कुणाकडं, तर दारात त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या उत्तमरावांकडं. हे तात्यांचे धाकटे चुलतभाऊ. त्यांच्या घरी आजोबांची तलवार आहे. ते दुसऱ्या नंबरला चालतात. कळायला लागल्यापासून ते दुसऱ्या नंबरलाच चालतायत.

उत्तमराव साक्षीदार म्हणून आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

त्यामुळं बंदुकीवरच्या गोणपाटाची गाठ सुटेपर्यंतच दुकानात उलटी गंमत सुरू झाली होती.

"अव्वल बंदूक हाय मिस्त्री," उत्तमराव मला सांगत होते. "आमच्या काकांनी हिनं बिबट्या पाडला. एका बारात! अशी बंदूक साऱ्या तालुक्यात नाय. लिहून टाका तुमी, चालते म्हणून."

ही गोष्ट तात्यांनी जन्मभर सांगितली असणार, हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं. ओठ प्रत्येक शब्दाला हलत होते. पण आज त्यांना ती खोडून काढणं भाग होतं.

"बिबट्या नव्हता," तात्या म्हणाले. "तरस होतं."

"आँ?"

"आन् म्हातारं होतं." मिशीतला एकेक केस उपटून द्यावा तसं ते बोलले. "पायानं लंगडं बी होतं."

"तात्या, मागल्या दसऱ्याला देवळापुढं तुमी बिबट्याच सांगितला ना? आठ फुटी?"

"सांगितला असंल. गर्दी होती."

यानंतर मी गज घातला आणि गज अडला. इतका वेळ अव्वल असलेली बंदूक उत्तमरावांनी दारापलीकडून बघायला सुरुवात केली.

"पयले पानी," उस्ताद म्हणाले.

काळ्या दारूला पाणी लागलं की ती मेली. मी नळीचं तोंड वाळूच्या पोत्याकडं ठेवून आधी निपल खोलली. मग दस्त्यातली पाचर ठोकून काढली. नळी लाकडाला या पाचरीनंच धरलेली असते. ती निघाली की नळी अख्खी उचलून येते. नळी उचलली आणि माझ्या तोंडातून "अरे देवा" निघालं. वरून ही नळी काळी, तेल लावून चकचकीत होती. खालची, लाकडाला टेकलेली बाजू खपल्या धरलेल्या जखमेसारखी झाली होती. जुन्या बंदुकीचं दुखणं नेहमी लाकडाखाली असतं. फडकं फिरवणारा माणूस वरूनच फिरवतो.

नळीचं बूड मी पाण्याच्या बादलीत उभं केलं. आता तासभर थांबायचं. तोवर बाकीचे भाग बघून घ्यावेत म्हणून दस्ता आणि कळ टेबलावर घेतली. धोका बादलीत गेलाय म्हटल्यावर तात्या आत आले. उत्तमरावांनी एक पाय आत ठेवला.

कळ म्हणजे घोडा पाडणारी आतली यंत्रणा. घोड्याला दोन थांबे असतात. पहिला अर्धा. घोडा अर्ध्यावर असताना चाप कितीही ओढला तरी तो पडता कामा नये. मी ओढला. पडला. आतला दात झिजून गेलेला. हे एक बिघाड म्हणून वहीत लिहिलं. मग निपल भिंगाखाली धरली. तिचं टोक ठोकलेल्या खिळ्यासारखं चपटं झालेलं. टोपी न लावता घोडा सारखा सारखा पाडला तरच असं होतं.

"ही बंदूक कुणीतरी रिकामीच लई वाजवलेली आहे," मी म्हणालो. बावीस वर्षांत 'लई' माझ्याही तोंडात बसलाय.

"मला काय ठाऊक," तात्या म्हणाले.

"मला ठाऊक हाय," उत्तमराव म्हणाले. "लग्नाच्या आधी हा आरशापुढं उभा राहून मिशीवर हात फिरवायचा आन् ठाक! परत मिशी, परत ठाक! आमी खिडकीतून बघायचो."

काकूंनी तोंडावर पदर धरला.

दस्त्याच्या मानेला, म्हणजे मूठ जिथं धरतात तिथं, उभी चीर होती आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. ती म्हणे वडिलांच्या काळात चिखलात रुतलेल्या गाडीचं चाक उचलताना गेली. दस्त्याच्या बाजूला पितळी झाकणाची एक डबी असते, तिच्यात पूर्वी चिंध्या ठेवायचे. मी झाकण उघडलं तर तंबाखूची पुडी आणि चुन्याची नळी. पुडी ताजी होती. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी झाकण लगेच लावलं, पण उशीर झाला होता. काकू उठल्या, टेबलापाशी आल्या, झाकण उघडलं, पुडी घेतली, पिशवीत टाकली आणि परत जागेवर जाऊन बसल्या.  तात्या छताकडं बघू लागले.

दस्त्याचं बूड तपासताना मात्र मी गोंधळलो. लाकूड खालच्या बाजूनं लालभडक होतं आणि त्याच्या कडा गोल झिजलेल्या. रंग वरवरचा नव्हता, नसांत शिरलेला. मला रक्ताचीच शंका आली. आता पोलिसांना काय लिहायचं? मी दस्ता उस्तादांच्या हातात दिला. दिसत नसलं की ते वास घेतात. त्यांनी नाक लावलं, आणि सात वेळा शिंकले.

"मिरच्या हायत त्या," काकू म्हणाल्या. दुकानात आल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य. "मुसळ मोडलंय."

"कधी मोडलंय?" तात्यांनी विचारलं.

"झाली पंधरा सालं."

"माझ्या बापाच्या बंदुकीनं तू मिरच्या कुटती?"

"मग? भिंतीवर बसून खाती का ती नुसती?"

उत्तमरावांचा दुसरा पायही आत आला. आता त्यांना बाहेर थांबणं परवडण्यासारखं नव्हतं.

मी वहीत लिहिलं: दस्त्याचं बूड घरगुती वापरानं झिजलेलं. तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "कोकण्या, ते काय हलतंय रे?" त्यांना बारीक वस्तू दिसत नाहीत, पण हललेलं दिसतं. मी बादलीकडं बघितलं. नळीच्या वरच्या तोंडातून मुंग्या बाहेर येत होत्या. काळ्या, रांगेनं, काही तोंडात पांढरं अंडं धरलेल्या. खालून पाणी चढत होतं आणि वरून सगळा कुटुंबकबिला निघाला होता. नळीवरून बादलीच्या कडेवर, कडेवरून फरशीवर, आणि तिथून सरळ आमच्या चहाच्या साखरेच्या डब्याकडं.

मी पुष्कळ गोष्टी बंदुकीतून निघताना बघितल्यात. चिमणीचं घरटं, विंचू, एकदा एका सावकाराची चिठ्ठी. मुंग्या पहिल्यांदाच. आणि दारूला मुंग्या लागत नाहीत.

बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. मी गजाच्या टोकाला पिळाचा आकडा लावला. बाटलीतलं बूच काढायचा असतो ना, तसाच, पण लांब. तो नळीत घालून फिरवला आणि हळूहळू ओढला. आकड्याबरोबर पिवळट, मऊ, चिकट असं काहीतरी आलं. मी ते फडक्यावर ठेवून उस्तादांपुढं धरलं.

उस्तादांनी वास घेतला. डोळे मिटले. परत घेतला.

"इलायची है," ते म्हणाले. "गूळ भी है. ये तो खाने की चीज है रे."

 मग बाकावरून आवाज आला.

"पुरण हाय ते. औंदाच्या खंडेनवमीचं."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याच्या आदला दिवस. घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा असते. विळा, कोयता, पहार, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. दसरा होऊन महिना झाला होता.

"नैवेद्य दाखवते ना मी," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी देवच असती ती. देवाला काय उपाशी ठेवायचं?"

"आवं वैनी," उत्तमराव हसून हसून वाकले होते, "नैवेद्य देवाच्या तोंडापुढं ठेवत्यात! नरड्यात ठासत नायत!"

"किती वर्षं घालताय, काकू?" मी विचारलं.

"या घरात आले त्याच्या दुसऱ्या सालापासून."

उस्तादांनी बोटांवर हिशोब केला आणि सोडून दिला.

हसून झाल्यावर उत्तमरावांचं डोकं मात्र चालू लागलं. "म्हणजे मिस्त्री, बंदुकीला रोग नाय. नुसतं पुरण अडकलंय. काढा की सारं! पुरण काढलं की बंदूक चालती. मग लिहायचं चालते म्हणून."

तात्यांचा चेहरा पडला. कारण बोलणं चुकीचं नव्हतं. अडथळा निघण्यासारखा असेल तर तो बिघाड धरता येत नाही. मी उस्तादांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली: काढून बघ.

मी परत आकडा घातला. वरचे दोन-तीन घास निघाले. त्याच्याखाली काळं, लाखेसारखं कडक. आकडा त्यात शिरेचना. जोर लावायला गेलो आणि उस्तादांनी माझं मनगट धरलं.

"रुक. उसके नीचे क्या है?"

ते बरोबर होते. पुरणाच्या खाली काय आहे, हे अजून ठरलंच नव्हतं. तिथं जुनी दारू असली आणि पाणी तिच्यापर्यंत पोचलं नसलं तर? माझा हात तिथंच थांबला. उत्तमरावांचा एक पाय परत बाहेर गेला.

"काकू," मी विचारलं, "पहिल्यांदा पुरण घातलंत तेव्हा आत दारू होती का? आठवतंय?"

"न आठवायला काय झालं. दारू नव्हती. दारू आणायलाच तर हे गेलते."

"कुठं गेलतो?" तात्या म्हणाले.

"सिल्लोडला. भावजींनी आपला बांध कोरला होता त्या साली, आठवत नाय? नांगराची दोन तासं आत घातली होती." तास म्हणजे नांगराची एक ओळ. मग त्या माझ्याकडं वळल्या. "ह्यांनी भिंतीवरून बंदूक उतरवली. म्हणले, आज उत्तम्याला ठेवत नाय. घरात दारू नव्हती, म्हणून सायकल काढून गेले. मी नवी सून. सांगणार कुणाला? खंडेनवमी होती, चुलीवर पुरण शिजलेलं. गोळा केला आन् घातला नळीत. गजानं ठासला चांगला. ठासायचं कसं ते ह्यांनीच शिकवलं होतं मला, आधल्या महिन्यात."

उस्तादांनी माझं मनगट सोडलं.

"दुकान बंद होतं त्या दिवशी," तात्या हळूच म्हणाले. "सणाचं."

"व्हय. सांजच्याला हात हलवत आले. राग बी निवला होता. जेवले आन् झोपले."

"फिर हर साल कायकू?" उस्तादांनी विचारलं.

"राग काय, दरसाली नवा येतो, चाचा. ह्यांचा येतो आन् भावजींचा नांगर बी दरसाली सरकतो."

"तू कधी बोलली नाय," तात्या म्हणाले.

"तुमी कधी नळीत बघितलं?"

उत्तमराव आत आले. या वेळी थेट बाकापाशी आले आणि काकूंपासून हातभर अंतरावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वैनी, म्हणजे त्या साली मी..."

"पुरणावर जगलात, भावजी."

उत्तमराव टोपी फिरवत होते. तात्या नळीकडं बघत होते. आता एकमेकांच्या गळ्यात पडतील असं मला वाटलं. मी कोकणातला आहे, मला या भागातल्या माणसांचा अंदाज अजून येत नाही.

"दोन तासं नव्हती," उत्तमराव म्हणाले. "दीड होतं."

"दोन," तात्या म्हणाले.

"दीड. शप्पथ सांगतो."

"बरं, दीड," तात्या म्हणाले. ही माघार घेतलेली बघून काकूंनी पहिल्यांदा पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मिस्त्री," उत्तमराव माझ्याकडं वळले. "लिहा, चालत नाय म्हणून. ठळक लिहा."

"तुमच्या सांगण्यावर नाही लिहिणार," उस्ताद म्हणाले. गिऱ्हाईकापुढं ते शुद्ध मराठी बोलू लागले की समजायचं, आता लायसनचा प्रश्न आहे. "मघाशी चालते म्हणत होतात, तेव्हाही नाही लिहिलं. नळी सांगेल ते लिहू."

मग नळीकडून वदवून घेतलं. मी नळी बादलीतून काढली, खालची गंजलेली बाजू तारेच्या ब्रशनं घासली. खपल्या पापुद्र्यासारख्या पडल्या. निपलचं भोक बुचानं बंद केलं, तोंडातून पाणी ओतलं आणि नळी उभी धरली. साक्षीदार म्हणून उत्तमरावांना पुढं बोलावलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. थोड्या वेळानं बुडाजवळ, जिथं पुरण होतं त्याच्या वरच्या अंगाला, लोखंडावर एक थेंब आला. मग दुसरा. मग तिसरा. गूळ ओल धरतो आणि ओल लोखंड खाते. दरसाली नवा गूळ. बार उडवला असता तर गोळी पुढं जायच्या आधी नळी उडवणाऱ्याच्याच तोंडावर फुटली असती.

हे मी तात्यांना सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, आणि आरशाची गोष्ट आठवून लगेच खाली घेतला.

अशी नळी दुरुस्त होत नाही. आम्ही निपलच्या जागी आंधळा, म्हणजे भोक नसलेला, पेच बसवला, घोड्याचा दात काढून टाकला आणि नळीच्या तोंडात शिशाचं बूच ठोकायला घेतलं.

"थांबा," काकू म्हणाल्या. "मग नैवेद्य कुठून?"

"अब ऊपर से दिखाओ, बहन," उस्ताद म्हणाले. "अंदर की जरूरत नहीं. राग आला तरी ही आता काही करू शकत नाही."

काकूंनी बूच बोटानं दाबून बघितलं, दोनदा, आणि मग मान हलवली.

मी रिपोर्ट लिहायला बसलो आणि तळहाताला घाम आला. दाताचं, निपलचं, दस्त्याच्या चिरेचं, त्यावरच्या लाल डागांचं, नळीच्या भोकांचं लिहून झालं. मग रकाना आला: नळीतील अडथळ्याचे स्वरूप. मी लिहिलं, पुरण. उस्तादांना वाचून दाखवलं.

"नक्को," ते म्हणाले. "ठाण्यात हसतील. नीचे सही मेरी है. काहीतरी सरकारी लिही."

जुन्या फाइलीत बघितलं. गंज, माती, गोळी, कापूस होतं. पुरण कुणाला आलेलं नव्हतं. मला एक भारी शब्द आठवला. गावाकडं खताच्या पोत्यावर वाचलेला. मी पुरण खोडून दुसरा कागद घेतला आणि लिहिलं: जुने, कठीण झालेले सेंद्रिय पदार्थ. उस्ताद खूश झाले. सही केली. तात्या, उत्तमराव आणि काकू एकाच रिक्षातून सिल्लोडच्या गाडीकडं गेले, बंदूक मधे उभी धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन आला. ठाण्याचे नवे साहेब.

"रिपोर्ट तुम्हीच लिहिलाय?"

"होय साहेब." मी उभा राहिलो.

"दस्त्यावर लाल डाग लिहिलेत. नळीत सेंद्रिय पदार्थ लिहिलेत." साहेब थांबले. "सेंद्रिय म्हणजे कुणाचे?"

मी खुर्चीवर बसलो. उस्तादांनी हातानंच विचारलं, काय?  माझ्या डोळ्यांपुढं दुकानाचं शटर खाली येत होतं, बावीस वर्षांसकट.

"साहेब," मी म्हणालो, "डाग मिरच्यांचे आहेत. आणि आत पुरण आहे."

"काय आहे?"

"पुरण, साहेब. हरभऱ्याच्या डाळीचं. खंडेनवमीचं."

 मग रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखं झालं आणि हाताच्या फटीतून हसणं ऐकू आलं. एका माणसाचं नव्हे, चार-पाच जणांचं. साहेब परत फोनवर आले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता.

"मग तसं लिहा ना. नवा रिपोर्ट पाठवा. यांच्या घरी आत्ता माणूस पाठवणार होतो मी, पंचनाम्याला."

मी नवा लिहिला. रकान्यात फक्त पुरण. बंदूक तात्यांच्या भिंतीवर परत गेली, शोभेची म्हणून. पुढच्या दसऱ्याला तात्या पहिल्या नंबरला चालले, उत्तमराव दुसऱ्या, आणि बांधाची मोजणी दोघांनी मिळून करून घेतली. दीड तास निघालं की दोन, ते दोघंही सांगत नाहीत.

आमच्या फाइलीत त्या रिपोर्टाची नक्कल आहे. नवीन रिपोर्ट लिहिताना शब्द अडला की मी अजून त्या फाइलीत बघतो. पण आता भारी शब्द शोधायला बघत नाही. नळीत जे असेल त्याचं घरातलं नाव लिहायचं. त्यानं ठाण्यातले लोक हसतात, पण निदान कुणाच्या घरी पंचनाम्याला जात नाहीत.